रेनकोट आतून ओला का होतो?

जुलै महिना आहे. सकाळी सातला तुम्ही सायकल काढता तेव्हा बाहेर सर कोसळत असते. अंगात रेनकोट, दप्तरावर प्लॅस्टिकचे आवरण. अर्ध्या तासाने शाळेत पोहोचून रेनकोट उतरवता, तो काय! सदरा पाठीला चिकटलेला आणि बाह्या ओल्याचिंब. रेनकोट तर कोठेच फाटलेला नाही. मग हे पाणी आले कोठून?

‘रेनकोट गळतो,’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण त्याआधी एक साधा प्रयोग करून पाहा. पाऊस नसेल अशा दिवशी एका हातावर पॉलिथिनची पिशवी चढवा, मनगटाशी सैलसर दोरा बांधा आणि दहा-पंधरा मिनिटे घरातली कामे करा. पिशवीच्या आतल्या बाजूवर बारीक थेंब जमलेले दिसतील आणि हात ओलसर लागेल. पिशवीत पाऊस शिरलेला नाही. ते पाणी तुमच्या त्वचेतून आलेले आहे.

आता हाताऐवजी सायकल चालवणारे सबंध शरीर घ्या. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल हाकताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्साच चाके फिरवायला उपयोगी पडतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती तासाला सुमारे २०० किलोकॅलरींच्या घरात जाते. एवढी उष्णता शरीराबाहेर टाकलीच पाहिजे, नाहीतर ताप चढेल. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. थोडी उष्णता श्वासाबरोबर आणि वाऱ्याने निघून जाते असे धरले, तरी ढोबळ हिशेबाने तासाला ३०० ग्रॅम घाम वाळायला हवा. म्हणजे मोठा पेलाभर पाण्याची वाफ रेनकोटातून कोणत्या तरी वाटेने बाहेर पडायला हवी. वाट मिळाली नाही तर ती आतच पाणी होऊन बसते. रेनकोट पाऊस बाहेर ठेवतो हे खरे, पण घामाला आत कोंडतो हेही तितकेच खरे.

ही अडचण रेनकोटाइतकीच जुनी आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य कापड बनवण्याचे पेटंट घेतले. त्या कोटांत माणूस कोरडा राहत असे, पण स्वस्थ बसून असेल तरच! पुढे रबराची जागा प्लॅस्टिकने घेतली, तरी कोंडमारा तोच राहिला.

मग १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर यांना एक गंमत आढळली. टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू ओढली की तुटे, पण एकदम हिसका देऊन ओढली तर न तुटता कित्येक पट लांब होई आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडत. अशा टेफ्लॉनचे पातळ पटल कापडाला चिकटवून ‘गोअर-टेक्स’ हे कापड तयार झाले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे ७०० पटींनी मोठी, असे उत्पादक सांगतात. टेफ्लॉन पाण्याला जवळ करत नाही. त्यामुळे पृष्ठताणाने गोळा झालेल्या थेंबाला जोराचा दाब असल्याशिवाय छिद्रात शिरता येत नाही, आणि एकेकटा फिरणारा वाफेचा रेणू मात्र सहज निसटतो. कमी किमतीच्या बऱ्याच जाकिटांत पॉलियुरेथेनचा लेप असतो. त्यातल्या काहींत छिद्रेच नसतात. वाफेचे रेणू लेपात एका बाजूने विरघळतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात.

‘जलाभेद्य आणि श्वास घेणारे’ अशी चिठ्ठी लावून जी जाकिटे विकायला येतात ती हीच. त्यांची किंमत कित्येक हजारांपर्यंत जाते. मग प्रश्न असा, की चिंचणीहून बोईसरला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याने, किंवा बोईसर स्टेशनवरून तारापूर औद्योगिक वसाहतीत सायकलने पाळीला जाणाऱ्या कामगाराने ती घ्यावीत काय?

याचे उत्तर दुकानात मिळणार नाही, हवेच्या बाष्पदाबात मिळेल. ‘श्वास घेणारे’ हा शब्द जरा फसवाच आहे. कापड काही फुप्फुसासारखे हवा आत-बाहेर करत नाही. वाफ जास्त बाष्पदाबाकडून कमी बाष्पदाबाकडे जाते, एवढेच. घामेजलेल्या त्वचेचे तापमान ३४ अंश सेल्सिअस धरू. तिच्यालगतच्या संपृक्त हवेचा बाष्पदाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरइतका भरतो. आता बाहेर पाहू. युरोपातल्या एखाद्या गावी पावसाळी दिवशी तापमान १० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर तिथल्या हवेचा बाष्पदाब सुमारे ८ मिलिमीटर असतो. फरक पडला ३२ मिलिमीटरांचा. पालघर-बोईसरला, समुद्राला लागून असलेल्या पट्ट्यात, जुलैत आर्द्रता तेवढीच पण तापमान २७ अंशांच्या आसपास असते. येथल्या हवेचा बाष्पदाब होतो २४ मिलिमीटर, आणि फरक उरतो अवघा १६. कापड तेच, पाऊस तसाच, पण वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्मा! (थंड हवेत कापडाच्या आतल्या बाजूवर दव धरते, ही तिकडची वेगळी तक्रार आहे.)

जाकिटाच्या चिठ्ठीवर ‘१०,०००’ असा आकडा असतो. अर्थ असा, की एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ जाते. तासाला झाले ४१६ ग्रॅम. आपल्याला हवे ३०० ग्रॅम आणि जाकिटाचे कापडही चौरस मीटरभर असतेच. मग अडले कोठे? अडले ते मोजमापात. काही पद्धतींत कापडाच्या पलीकडे पाणी शोषणारे रसायन ठेवून हवा जवळजवळ कोरडी केलेली असते, काहींत तापमान बरेच वाढवलेले असते. बोईसरच्या श्रावणसरीत अशी कोरडी हवा आणायची कोठून? शिवाय पद्धती निरनिराळ्या असल्याने दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यातही फारसा अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट आहे. अळवाच्या पानावर पाणी कसे मोत्यासारखे घरंगळते, ते तुम्ही पाहिले आहे. जाकिटाच्या बाहेरच्या कापडालाही तसाच पाणी झटकणारा लेप असतो. दप्तराचे पट्टे, चिखल आणि साबण यांनी तो झिजतो. मग कापड पाणी पिऊन बसते, त्यावर पाण्याचा पडदा तयार होतो आणि वाफेची वाट आणखी अरुंद होते. आतले पटल शाबूत असूनही माणूस ओला होतो व ‘जाकीट गळू लागले’ म्हणतो. जाकीट धुऊन साबण पूर्ण काढला आणि वर फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवली, तर हा गुण बऱ्याच वेळा परत येतो. (या लेपासाठी वापरली जाणारी फ्लोरिनची संयुगे निसर्गात लवकर नाश पावत नाहीत, म्हणून अनेक उत्पादक आता दुसरे लेप वापरू लागले आहेत.)

पण वाफेला बाहेर जायला कापडातूनच गेले पाहिजे, असे कोठे आहे? भोकातून गेली तर? २७ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा अंगाला लागून ३४ अंशांना संपृक्त झाली, तर तिच्यात ३७ ग्रॅमहून थोडी अधिक वाफ मावते. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवा १४ ग्रॅम वाफ उचलून नेते. ३०० ग्रॅमसाठी तासाला २१-२२ घनमीटर हवा पुरे, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा लिटर. तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटिमीटरच्या झरोक्यातून हवा सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगाने वाहिली की काम झाले. प्रत्यक्षात सगळी हवा पूर्ण संपृक्त होत नाही, म्हणून झरोका दुप्पट धरा. तरीही सायकलवर तुम्हाला समोरून सेकंदाला चार मीटर वेगाचा वारा फुकट मिळत असतो! आपल्या हवेत चांगला झरोका भारी पटलाला मागे टाकतो, तो असा.

हे आपल्या शेतकऱ्यांना केव्हाचे ठाऊक होते. भाताच्या आवणीला वापरतात ते इरले आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची किंवा सागाची पाने. अलीकडे पानांऐवजी प्लॅस्टिकचा कागदही असतो. डोके व पाठ झाकलेली, समोरून आणि बाजूंनी मोकळे. वाकून तासन्‌तास काम करणाऱ्या माणसाचा घाम वाळतो, कारण इरले अंगाला कोठेच चिकटत नाही. याच्या अगदी उलट टोक म्हणजे सर्व बाजूंनी बंद पोशाख. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत. अशा अणुभट्ट्यांत काही कामे करताना तंत्रज्ञ प्लॅस्टिकचा बंद पोशाख घालतात, तेव्हा त्यात नळीने हवा सोडावी लागते. झरोका नसला की पंप हवा!

युरोपातले सायकलस्वार फार पूर्वीपासून ‘केप’ वापरत आले. ते एक प्रकारचे इरलेच. गळ्यापासून हँडलपर्यंत पसरलेला घोळदार झगा, पुढच्या कडेला आतून अंगठे अडकवायला फासे आणि खालून पूर्ण उघडा. अर्ध्या तासापेक्षा लांबचा, फारशी वर्दळ नसलेला रस्ता असेल, तर माझे मत याच प्रकाराला आहे. साध्या प्लॅस्टिकचा असला तरी चालेल. मात्र तो वाऱ्याने शिडासारखा फुगतो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर समोरून नैर्ऋत्येचा वारा असेल तेव्हा पाय भरून येतात. औद्योगिक वसाहतीत ट्रकांच्या शेजारून जाताना तर फडफडणारा झगा घालूच नये. तेथे जाकीटच बरे.

ते घेताना आधी झरोके शोधा. पाठीवर झडपेखाली जाळी हवी, काखेत उघडता येणारी चेन हवी, मनगट सैल करता आले पाहिजे. कापड अंगाला चिकटू नये इतके जाकीट ढगळ असावे, आणि पाठ लांब असावी, कारण सायकलवर आपण पुढे झुकतो. मग पाण्याचा आकडा पाहा. तो मिलिमीटरमध्ये असतो, म्हणजे कापड किती उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलते ते. सहा किलोच्या दप्तराचे दोन पट्टे मिळून खांद्यांवर ६० चौरस सेंटिमीटर टेकत असतील, तर दाब होतो एक मीटर उंच स्तंभाइतका. पट्ट्याच्या कडेला तो याहून जास्त असतो आणि टपोऱ्या थेंबांचा मारा क्षणभर का होईना बराच मोठा असतो. म्हणून ५,००० ते १०,००० चा आकडा पुरतो. २०,००० साठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही. शिवणी मात्र उलटून पाहाच. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येते, त्यामुळे आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर आकड्याचा काही उपयोग नाही. रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. राखाडी पावसात राखाडी जाकीट ट्रकवाल्याला दिसत नाही.

घरी जाकीट असेल तर त्याची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत घेता येईल. तीन सारखे पेले पाण्याने अर्धे भरून तराजूवर तोला. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर पॉलिथिन ताणून बांधा, तिसऱ्यावर जाकिटाची बाही ताणून रबर लावा (कापू नका!). चोवीस तासांनी आवरणे काढून पुन्हा तोला आणि खोलीतील तापमान व आर्द्रता ओल्या-कोरड्या तापमापकावर वाचून लिहून ठेवा. हाच प्रयोग जुलैत करा आणि जानेवारीत पुन्हा करा. बाही तीच असेल, पण तिसऱ्या पेल्याची घट दोन्ही वेळा सारखी येणार नाही. ती किती पटींनी बदलेल, याचा अंदाज बाष्पदाबाच्या तक्त्यावरून आधी काढून ठेवा आणि मग ताडून पाहा.