दुधाळ्याची वेधशाळा आणि बंद होणाऱ्या चिपा

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिला अमेरिकेकडून मिळणारे यंत्र मात्र तिच्या वास्तूपेक्षा वयाने बरेच मोठे आहे. हे यंत्र मुळात वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डच्या लायगो वेधशाळेतील दुसऱ्या मापकासाठी योजलेले होते आणि ते भारतात हलवण्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने २०१२ मध्ये अनुमती दिली. भारत सरकारची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये, तर सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली, आणि प्रत्यक्ष निरीक्षणे २०३० च्या सुमारास सुरू होणे अपेक्षित आहे. चाळीस किलोंचे काचेचे आरसे इतका काळ खोक्यांत पडून राहिले तरी त्यांचे काही बिघडत नाही. इलेक्ट्रॉनिक चिप मात्र खोक्यात सुस्थितीत असतानाच बाजारातून नाहीशी होऊ शकते, आणि मग एक बोर्ड जळाला तर त्याच्या जागी बसवायला दुसरा मिळत नाही.

ही अडचण सर्वाधिक जाणवते ती प्रोग्रामेबल लॉजिक चिपांच्या बाबतीत. ज्या चिपेतील तर्कद्वारांची, म्हणजे ‘हे आणि ते’, ‘हे किंवा ते’ असे निर्णय करणाऱ्या सूक्ष्म परिपथांची, जोडणी कारखान्यात कायमची ठरत नाही, तर आराखडा करणारा अभियंता ती नंतर ठरवतो, अशी ही चिप असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पाल चिपांत ठरावीक जोडणीच्या अनेक टीटीएल चिपांचे काम एकवटे. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने आणलेल्या एफपीजीए या प्रकारात तर जोडणी हवी तितक्या वेळा बदलता येऊ लागली. थोड्या संख्येने लागणाऱ्या उपकरणांना, म्हणजे रेल्वेचे सिग्नल, रुग्णालयातील यंत्रे आणि वेधशाळा यांना, ही सोय वरदान ठरली, कारण शे-दोनशे नगांसाठी कोणी स्वतंत्र चिप घडवून देत नाही. नेमकी हीच उपकरणे वीस-तीस वर्षे चालवायची असतात, आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचे गणित तर मोठ्या खपावर बसलेले असते. २०२४ च्या आरंभी, झायलिंक्स विकत घेतलेल्या एएमडीने स्पार्टन-३ आणि एक्ससी-९५०० एक्सएल यांसारखी जुनी कुळे बंद करण्याची सूचना काढून ग्राहकांना शेवटच्या खरेदीसाठी काही महिन्यांची मुदत दिली. साठा करून ठेवणे हा अशा वेळचा पहिला आणि सर्वांत कमी विचाराचा उपाय होय.

विशेष म्हणजे या दुखण्याचे निदान फार पूर्वीच झाले होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला आपल्या शस्त्रास्त्रांतील परिपथ चिपांपेक्षा जास्त काळ जगवायचे होते, म्हणून त्याने १९८० च्या दशकात परिपथाचे वर्तन लिहून ठेवण्यासाठी व्हीएचडीएल ही भाषा घडवून घेतली, आणि १९८७ मध्ये ती प्रमाण ठरली. आराखडा या भाषेत असला तर नवी चिप घेऊन त्याच लेखनावरून नवी जोडणी काढता येते. काव्याचे असेच होते: संत नामदेवांची ६१ पदे गुरुमुखी लिपीत गुरू ग्रंथसाहिबात पोहोचली आणि हिंगोली जिल्ह्यातीलच त्यांच्या नरसीपासून शेकडो कोस दूर पंजाबात गायली जातात. लिपी बदलूनही रचना टिकते, ती मुळात शब्दांत बांधलेली असते म्हणून. परिपथाचे तितके सोपे नाही, कारण लेखनात न उतरलेले पुष्कळ काही त्यात असते: चिपेच्या पिनांची मांडणी, पाच व्होल्टवर चालणारे जुने संकेत आणि ते न सोसणाऱ्या नव्या चिपा, कंपनीकडून बंद पेटीसारखे घेतलेले तयार भाग, आणि संकेत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास लागणारा वेळ. जुना परिपथ कित्येकदा त्याच्या संथपणामुळेच बरोबर चाललेला असतो, आणि हे नवी वेगवान चिप बसवल्यावर ध्यानात येते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला दीर्घकाळ तोंड दिलेली संस्था म्हणजे नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहणारे सहसंबंधक हे तिचे खरे काळीज. पहिला सहसंबंधक अमेरिकेतील व्हीएलबीए या दुर्बीणजाळ्यासाठी घडवलेल्या खास चिपांवर बेतलेला होता; अशा चिपेत जोडणी कायमची गोठलेली असते, त्यामुळे ती संपली की आराखडाही संपतो. २०१० च्या सुमारास ते काम साध्या लिनक्स संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या प्रणालीकडे गेले, आणि पुढच्या नूतनीकरणात ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा हाताळण्यासाठी श्रमविभागणी झाली: संकेतांचे आकडे करून ते गठ्ठ्यांनी पाठवण्याचे काम व्हर्टेक्स-५ एफपीजीए असलेल्या रोच नावाच्या बोर्डांकडे, आणि मुख्य गणित ग्राफिक्स प्रोसेसरांकडे.

रोच बोर्ड बर्कलीतून चालणाऱ्या कॅस्पर या खुल्या सहकार्यातून आले. त्याची रीत मोठी शहाणपणाची आहे: आराखडा चौकटी जोडून रेखाटायचा, आणि त्यांतील ज्या चौकटी विशिष्ट बोर्डाशी बांधलेल्या आहेत त्यांना पिवळा रंग द्यायचा. बोर्ड बदलला की पिवळ्या चौकटी बदलाव्या लागतात, बाकीचे गणित बव्हंशी तसेच राहते. तरीही एक गाठ सुटत नाही. व्हर्टेक्स-५ साठी लागणारे आयएसई हे सॉफ्टवेअर २०१३ च्या १४.७ या आवृत्तीवर थांबले, आणि त्याच्या जागी आलेले विवाडो व्हर्टेक्स-५ चे कूळ ओळखतच नाही. म्हणून अशा बोर्डांचा आराखडा जपायचा तर तो घडवणारे सॉफ्टवेअर, ते चालणारी जुनी संगणकप्रणाली आणि परवान्याची फाइलही जपावी लागते. कारागिराने हत्यारांसह भट्टीही बांधून न्यावी, तसाच हा प्रकार.

लायगोच्या रचनेत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आधीच सामावलेले आहे. आरसे स्थिर ठेवणारे नियंत्रण तेथे चिपेत कोरलेले नसून, आकृतीरूपाने लिहिलेल्या प्रतिमानांवरून सी भाषेतील आज्ञावली तयार होते आणि ती साध्या लिनक्स संगणकांवर चालते. संगणक जुना झाला की दुसरा आणता येतो. एफपीजीए उरतात ते मुख्यतः कालमापनात, जिथे उपग्रहांकडून मिळालेला सेकंदाचा ठोका प्रकाशतंतूंमधून मापकाच्या लांब भुजांच्या टोकांपर्यंत एक मायक्रोसेकंदाहून कमी चुकीने पोहोचवायचा असतो. १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली नोंदली गेलेली गुरुत्वीय लहर लुइझियानातील लिव्हिंग्स्टनच्या लायगो वेधशाळेनंतर सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली, आणि असल्याच फरकावरून तिची दिशा काढली जाते; भारतातील मापकाचे महत्त्वही तो या दोहोंपासून फार दूर असण्यातच आहे. दुधाळ्यात उद्या कालमापनाचा बोर्ड नव्या चिपेवर घडवावा लागला, तर जुन्या चिपेची अंतर्गत जोडणी तंतोतंत उतरवण्याची गरज नाही. ठोका केव्हा यावा, कोणत्या रूपात यावा आणि तो चुकल्यास बोर्डाने काय कळवावे, एवढे कागदावर असले आणि जुन्या बोर्डाने दिलेली उत्तरे ताडून पाहण्यासाठी नोंदवलेली असली, की नवा बोर्ड जुन्याच्या शेजारी चालवून दोघांचे ठोके जुळतात का हे पाहता येते. मात्र ही पारख जुना बोर्ड चालू असेपर्यंतच करता येते.