कोशिंबिरीवरील संस्कार : घरगुती ड्रेसिंगचा आयुर्वेदीय विचार

खेड तालुक्यातील निघोजे हे मूळचे शेतीचे गाव आज चाकण औद्योगिक क्षेत्राचा भाग आहे. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यातील कामगारवर्ग पाळ्यांमध्ये काम करतो. वजन, मलावष्टंभ किंवा मधुमेह यांसाठी चिकित्सकाकडे आलेला असा रुग्ण हमखास विचारतो, "डॉक्टर, सॅलड खाऊ ना?" आपण होकार देतो, मात्र त्यावर काय घालावे हे सांगावयाचे राहून जाते. मग तो बाजारातील बाटली आणतो किंवा ऐकीव कृतीने घरी काहीतरी करून ठेवतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा व्यवहारोपयोगी विचार केला आहे.

शास्त्रीय भूमिका

काकडी, मुळा, कोबी, गाजर इत्यादी कच्ची द्रव्ये सामान्यतः दुर्जर व वातकर ठरतात. त्यांना स्नेह, अम्ल, लवण व कटु द्रव्यांची जोड देणे हाच ड्रेसिंगचा हेतू होय. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात आहाराची आठ विशेषायतने सांगितली आहेत. त्यांपैकी करण, संयोग व काल या तिन्हींचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो.

दोन कृती

१. मोहरी-लिंबू : एक चमचा मोहरी थंड पाण्यात वाटून दहा मिनिटे ठेवावी. मोहरीचा तिखटपणा वाटल्यानंतर पाण्याच्या संपर्काने प्रकट होतो. उकळते पाणी वापरल्यास किंवा लिंबू आरंभीच पिळल्यास तो पुरता उतरत नाही. नंतर एक चमचा लिंबूरस, चिमूटभर सैंधव व मिरपूड घालून तीन चमचे तिळाचे तेल थेंब थेंब सोडत फेसावे. मोहरीमुळे तेलाचे सूक्ष्म थेंब रसात धरून राहतात व मिश्रण लवकर फुटत नाही. पित्तप्रकृती व अम्लपित्ताच्या रुग्णास मोहरी वर्ज्य करून जिरेपूड व कोथिंबीर वापरावी.

२. दही-जिरे : अर्धी वाटी ताजे, गोड व नीट विरजलेले दही घुसळावे. त्यात सैंधव व किंचित खडीसाखर घालावी. एक चमचा तुपात जिरे तडतडवून ती फोडणी कोमट झाल्यावरच दह्यात मिसळावी. दही उष्ण करून सेवन करू नये, तसेच तूप, साखर, मुगाचे यूष, मध किंवा आवळा यांवाचून घेऊ नये, हा चरकोक्त नियम (सूत्रस्थान, अध्याय ७) या कृतीत सहज पाळला जातो.

काल : रात्रपाळीचा डबा

रात्री दधिसेवन निषिद्ध आहे. रात्रपाळीचा कामगार मध्यरात्री दह्याची कोशिंबीर खातो आणि सकाळी घरी येऊन झोपतो. दधी अभिष्यंदी व दिवास्वाप कफकर. असे दोन्ही हेतू एकत्र येतात. प्रतिश्याय, अंगगौरव किंवा स्थौल्य असणाऱ्या अशा रुग्णास दही-जिरे दिवसपाळीपुरते व मोहरी-लिंबू रात्रीसाठी सांगावे. मिठाने भाजीला पाणी सुटते. म्हणून ड्रेसिंग वेगळ्या छोट्या डबीत न्यावे व जेवतानाच कालवावे.

संयोग : काय टाळावे

मध व तूप समप्रमाणात घेऊ नयेत. मधावर गरम फोडणी ओतू नये. दूध किंवा साय यांत लिंबू पिळून केलेली मिश्रणे विरुद्धाहारात मोडतात. सैंधव हे देखील मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ते मनसोक्त चालते, हा समज दूर करावा.

कच्च्या अंड्याच्या मेयोनेजमधून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग संभवतो. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये व तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर एक वर्षाची बंदी जाहीर केली होती.

लसणाचे तेल : विशेष सावधगिरी

सर्वांत गंभीर धोका मात्र निरुपद्रवी दिसणाऱ्या बाटलीत असतो. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवल्यास त्यास हवा मिळत नाही, आम्लताही पुरेशी नसते. अशा स्थितीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जंतू वाढून प्राणघातक विष निर्माण करू शकतो. वास किंवा चव बदलेलच असे नाही. लसूण परतल्यानेही त्याचे बीजाणू मरत नाहीत. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे तेलातील चिरलेल्या लसणामुळे अशी विषबाधा अनेकांना झाली होती. सिद्ध तैलात पाकामुळे जलांश उडतो व कल्क गाळला जातो; त्याच्या टिकाऊपणावरून कच्च्या लसणाच्या तेलाचा अंदाज बांधू नये. असे ड्रेसिंग त्या त्या जेवणापुरतेच करावे व उरलेले टाकून द्यावे.

एक वस्तू दोन दिसणे, पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास व बोलणे अस्पष्ट होणे ही लक्षणे आढळल्यास आहाराचा इतिहास विचारून रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. येथे काही तासांचा विलंबही महाग पडतो.

औषधालय-चालकांसाठी

कृती सांगणे वेगळे व बाटली भरून विकणे वेगळे. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. 'आयुर्वेद आहार' या नावाने विकावयाचे असल्यास २०२२ चे विनियम पाहावेत. औषधनिर्मितीचा परवाना त्यासाठी पुरत नाही.

उपसंहार

"सॅलड खा" एवढ्यावर पथ्य पूर्ण होत नाही. कोणत्या रुग्णाने, कोणत्या पाळीत, कशात कालवून व किती ताजे खावे, हे चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून द्यावे. त्यास दोन मिनिटे पुरतात आणि रुग्णाचे पथ्य खऱ्या अर्थाने पथ्यकर होते.