जैसे थे करार कोणी मोडला?

सप्टेंबर आला की नांदेड-लातूरकडे एक वाक्य हमखास कानावर येतं: "निजामानं जैसे थे करार इमानानं पाळला, मोडला तो भारतानं." चांगलं वाचन असलेली माणसंही हे बोलतात तेव्हा राहवत नाही.

भारत आणि हैदराबाद संस्थान यांच्यात हा करार झाला २९ नोव्हेंबर १९४७ ला, वर्षभरासाठी. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण यांची व्यवस्था पूर्वीसारखीच चालायची होती. पण काही आठवड्यांतच हैदराबादनं सोन्याचांदीच्या निर्यातीवर निर्बंध घातले, भारतीय चलन संस्थानात अवैध ठरवलं आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांत! भारताच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी हे सविस्तर नोंदवलं आहे. मेनन दिल्लीच्या बाजूचे, हे मान्य. सरहद्दीवर माल अडवला जातो, ही हैदराबादची तक्रारही निराधार नव्हती. पण वीस कोटींच्या कर्जाचं समर्थन त्यातून होत नाही.

शिवाय हैदराबादच्या वतीनं बोलत कोण होतं? ऑक्टोबर १९४७ मध्ये ठरलेला कराराचा मसुदा घेऊन हैदराबादचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि निजामाचे सल्लागार सर वॉल्टर मोंक्टन दिल्लीला निघणार, तोच मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या जमावानं पहाटे त्यांची घरं वेढली. त्या संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी, आपल्या लातूरचा वकील. निजाम नमला आणि शिष्टमंडळ बदललं. त्यानंतर पंतप्रधान झाले मीर लायक अली, जे त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानचे प्रतिनिधी होते. अशा माणसाच्या शब्दावर दिल्लीनं विसंबायचं तरी कसं? पुढच्या वर्षी सिडनी कॉटन हा वैमानिक कराचीहून विमानानं शस्त्रं आणून बीदर-वरंगळला उतरवू लागला.

पाकिस्तानशी जोडलेले हे हितसंबंध निजामालाही भोवले. भारतीय लष्करापुढे शरणागती पत्करल्यानंतर, २० सप्टेंबर १९४८ ला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले हैदराबादचे दहा लाखांहून अधिक पौंड त्याच्याच प्रतिनिधीनं पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले. निजामानं आठवड्याभरात ते परत मागितले. खटला अडकला आणि निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. पैसा शस्त्रांच्या मोबदल्याचा, हा पाकिस्तानचा युक्तिवाद लंडनच्या उच्च न्यायालयानं फेटाळला.

अशीच आणखी काही वाक्यं ऐकू येतात. "संयुक्त राष्ट्रं हैदराबादच्या बाजूनं होती." नाही. सुरक्षा परिषदेनं १६ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादची तक्रार फक्त चर्चेला घेतली, आणि आठवड्याच्या आत निजामानंच ती मागे घेतली.

"पोलीस कारवाई पोलिसांनी केली." सप्टेंबर १९४८ मधली हैदराबादवरची ती कारवाई लष्करानं केली, ऑपरेशन पोलो या नावानं.

"सतरा सप्टेंबरच्या शरणागतीनंतर सगळं शांत झालं." हे ऐकताना तर संताप येतो. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं कारवाईनंतरच्या हिंसाचारात सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत नांदेड आहे आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर शहरातली कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते, असं समितीनं लिहिलं. सरकारनं तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे येऊ दिला नाही.