सेरोटोनिन : निर्मिती, विघटन आणि मापनातील गफलती

अनिद्रा, खिन्नता किंवा दीर्घकाळची ग्रहणीची तक्रार घेऊन आलेला एखादा रुग्ण अलीकडे ‘सीरम सेरोटोनिन’चा अहवालही पुढे ठेवतो. आकडा कमी आला आहे, तेव्हा तो वाढेल असे औषध द्यावे, अशी त्याची अपेक्षा असते. औषधविक्रेत्या बांधवांकडेही ‘सेरोटोनिन वाढविणारे काही’ मागणारे ग्राहक येतात. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे चिकित्सकास ठाऊक असणे आवश्यक आहे.

या द्रव्याचा शोध मेंदूत लागला नाही, तर आंत्रात लागला. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात आंत्राच्या श्लेष्मल त्वचेतील एंटरोक्रोमॅफिन पेशींपासून स्नायूंचे आकुंचन घडविणारे द्रव्य मिळविले व त्यास ‘एंटरामाइन’ असे नाव दिले. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य वेगळे केले, तेच सेरोटोनिन. ही दोन्ही द्रव्ये एकच, म्हणजे ५-हायड्रॉक्सीट्रिप्टामाइन, असल्याचे १९५२ पर्यंत स्पष्ट झाले. मेंदूतील त्याचे अस्तित्व बेटी ट्वारॉग व पेज यांनी १९५३ मध्ये दाखविले. प्रथम आंत्र, मग रक्त आणि शेवटी मेंदू, हा शोधाचा क्रम शरीरातील वाटणीशीही जुळतो : एकूण सेरोटोनिनपैकी सुमारे ९० टक्के वा त्याहून अधिक आंत्रात असते.

निर्मिती व विघटन

सेरोटोनिनचे मूळ द्रव्य म्हणजे आहारातील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज या विकरामुळे त्याचे ५-एचटीपी होते व पुढे ब-६ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने काम करणारे दुसरे विकर त्याचे सेरोटोनिनमध्ये रूपांतर करते. पहिल्या विकराचे आंत्रातील व मेंदूतील प्रकार वेगवेगळे आहेत. दोन्ही ठिकाणचे कारखाने स्वतंत्र आहेत आणि त्यांच्यामधील भिंतही पक्की आहे, कारण सेरोटोनिन रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाही. केळ्यात सेरोटोनिन असते म्हणून केळे खाल्ल्याने मन प्रसन्न होते, हे लोकप्रिय विधान येथेच निकालात निघते. ट्रिप्टोफॅन व ५-एचटीपी मात्र मेंदूत प्रवेश करू शकतात.

आहारातील ट्रिप्टोफॅनपैकी जेमतेम एक-दोन टक्के या मार्गाने जाते. बहुतांश भाग कायन्युरेनिन मार्गाने जाऊन त्यातून नायासिनही तयार होते. कार्सिनॉइड अर्बुदात हे प्रमाण उलटते. अर्बुदच ट्रिप्टोफॅन मोठ्या प्रमाणात ओढून घेते आणि काही रुग्णांत नायासिनच्या अभावाने पेलाग्राची त्वचालक्षणे दिसतात. अतिसार, चेहरा व छातीवर वारंवार येणारी लाली आणि त्यासोबत असे त्वग्विकार दिसल्यास केवळ ग्रहणी वा पित्तप्रकोप समजून थांबू नये.

आंत्रात तयार झालेले सेरोटोनिन तेथील चलनवलन व स्राव यांचे नियमन करते. रक्तात उतरलेला भाग प्लेटलेट शोषून घेतात व रक्तस्कंदनाच्या वेळी सोडतात. त्या स्वतः ते तयार करीत नाहीत. मेंदूत निद्रा, क्षुधा, वेदना, वमन, शरीरतापमान व मनोभाव अशा अनेक क्रियांशी त्याचा संबंध आहे, तर पिनियल ग्रंथीत त्यापासूनच मेलाटोनिन बनते. एकच द्रव्य इतकी भिन्न कार्ये करते याचे कारण त्याच्या ग्राहींचे सात गट आहेत. ऑन्डान्सेट्रॉन हे वमनरोधक यांपैकी तिसऱ्या गटाच्या ग्राहीस अडविते, तर सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीचे औषध पहिल्या गटातील ग्राहींना उद्दीपित करते.

कार्य संपल्यावर मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकरामुळे त्याचे विघटन होऊन ५-एचआयएए हे आम्ल मूत्रावाटे बाहेर पडते.

सर्पगंधेचा धडा

या विषयात आपल्या शास्त्रातील एका वनस्पतीचे स्थान मोठे आहे. सर्पगंधेच्या रक्तदाब व उन्माद यांवरील उपयोगाविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा उच्च रक्तदाबावरील लेख १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आल्यावर जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळे झाले आणि १९५५ मध्ये ब्रोडी यांच्या चमूने दाखविले की रिसर्पिनमुळे ऊतींमधील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. साठवणीच्या पुटिकांत ते शिरू शकत नाही, बाहेरच विघटित होते व मूत्रातील ५-एचआयएए वाढते. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता आढळल्याच्या त्या काळातील नोंदींनी ‘सेरोटोनिनची न्यूनता म्हणजे नैराश्य’ या कल्पनेस बळ दिले. मात्र रिसर्पिन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व डोपामिन यांचेही साठे रिते करते, हे त्या उत्साहात बाजूला पडले. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन नैराश्य सेरोटोनिनच्या न्यूनतेमुळे होते यास सुसंगत पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर मतभेद झाले. तथापि नैराश्यावरील औषधांचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न यापासून वेगळा आहे. रुग्णाने ती औषधे स्वतःहून बंद करावीत असा अर्थ त्यातून कोणी काढू नये व आपणही तसा सल्ला देऊ नये.

मापन

सीरममध्ये मोजले जाणारे सेरोटोनिन हे मुख्यतः रक्त गोठताना प्लेटलेटमधून सुटलेले असते. म्हणजे ते आंत्रात बनून प्लेटलेटने साठविलेले द्रव्य होय. मेंदूची स्थिती त्यावरून कळत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा असा : फ्लुओक्झेटिनसारखी औषधे प्लेटलेटचे सेरोटोनिन-शोषणच थांबवितात, त्यामुळे काही आठवड्यांत रक्तातील आकडा कमालीचा घसरतो, आणि त्याच काळात रुग्णाची मनःस्थिती सुधारत असते! अशा रुग्णाचा ‘कमी’ आकडा पाहून सेरोटोनिन वाढविण्याचा प्रयत्न करणे हे केवळ निरुपयोगी नव्हे, तर घातक ठरू शकते.

या चाचण्यांचे खरे स्थान कार्सिनॉइडच्या निदानात व पाठपुराव्यात आहे. त्यासाठी बहुधा २४ तासांच्या मूत्रातील ५-एचआयएए मोजतात. प्रौढांत ते सामान्यतः दिवसाला २ ते ८ मिलिग्रॅमच्या आसपास असते. प्रयोगशाळेनुसार मर्यादा थोड्या बदलतात. मूत्र आम्लयुक्त पात्रात व थंड जागी साठवावे लागते. संकलनापूर्वी दोन-तीन दिवस व संकलनाच्या दिवशी केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी, किवी ही वर्ज्य करावीत, अन्यथा निरोगी माणसाचा अहवालही वाढलेला येतो. पॅरासिटामॉल व खोकल्याच्या औषधांतील ग्वायफेनेसिन काही पद्धतींत आकडा फुगवितात.

प्रयोगशाळेच्या सूचनापत्रात आपली औषधे क्वचितच असतात, म्हणून ती जबाबदारी वैद्याची. रिसर्पिनमुळे ५-एचआयएए वाढते, तेव्हा सर्पगंधायुक्त कल्प चालू असल्यास तशी नोंद चाचणीच्या चिठ्ठीवर अवश्य करावी. लेव्होडोपामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो आणि कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असतेच. वाजीकरणाची चूर्णे रुग्ण ‘औषध’ समजत नाही व विचारल्याशिवाय सांगत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

५-एचटीपीच्या गोळ्या आहारपूरक म्हणून विकल्या जातात, तसेच सेंट जॉन्स वर्ट या पाश्चात्त्य वनस्पतीचे कल्पही. नैराश्यावरील औषध घेणाऱ्या व्यक्तीस यांपैकी काहीही दिल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. ट्रामाडॉल, खोकल्यातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन व लिनेझोलिड हे प्रतिजैविक यांचाही याच यादीत समावेश होतो. अस्वस्थता, घाम, कंप, अतिसार, घोट्याच्या सांध्यात झटके व ताप ही लक्षणे औषध सुरू केल्यापासून किंवा मात्रा वाढविल्यापासून बहुधा २४ तासांच्या आत दिसतात. त्यांस वातप्रकोप वा साधा ज्वर मानून घरी उपचार करण्यात वेळ घालवू नये. संशयित औषध थांबवून, सर्व औषधांच्या वेष्टनांसह रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.