वळणावरचा भार

नळीतून तेल वाहते तेव्हा ते सगळे एकाच वेगाने पुढे सरकते, असा आपला समज असतो. वस्तुतः भिंतीला चिकटलेला थर जागचा हलत नाही आणि मधला सर्वांत वेगाने धावतो. थरावरून थर घसरतो. अंतरागणिक वेगात किती फरक पडतो, त्या मापाला कर्तन-दर म्हणतात. भिंतीला किती घर्षण सोसावे लागते, हे त्यावरून कळते.

सरळ नळीचा हिशेब सोपा आहे. प्रवाह संथ व थराथराचा असेल, तर सरासरी वेगाला आठाने गुणावे व नळीच्या आतील व्यासाने भागावे. २ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून जाडसर यंत्रतेल सेकंदाला २ मीटर वेगाने जात असेल, तर भिंतीशी हा दर सेकंदाला ८०० येतो.

आता हीच नळी ३२ सेंटिमीटर व्यासाच्या वेटोळ्यात वळवू. एस. टी. वळण घेते तेव्हा उतारू बाहेरच्या अंगाला कलंडतात. तसाच मधला वेगवान प्रवाह बाहेरच्या भिंतीकडे लोटला जातो आणि भिंतीलगतचे संथ तेल वरून व खालून आतल्या अंगाला परतते. जॉन यूस्टिस यांनी १९११ च्या सुमारास रंगीत धारा सोडून वळणातील हा खेळ पाहिला, डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२७ व १९२८ मध्ये त्याचे गणित मांडले.

डीन यांचा अंक असा काढतात: रेनॉल्ड्स अंकाला, नळी व वेटोळे यांच्या व्यासांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणावे. आमच्या तेलाचा रेनॉल्ड्स अंक ४०० धरू. गुणोत्तर एक-सोळांश, त्याचे वर्गमूळ पाव. म्हणून डीन अंक १००. सी. एम. व्हाइट यांच्या १९२९ च्या अभ्यासातून आलेल्या सूत्राप्रमाणे येथे घर्षण सुमारे १.५४ पट होते. म्हणजे ८०० च्या जागी साधारण १२३०.

पण हीसुद्धा सरासरीच! बाहेरच्या भिंतीवर भार याहून जास्त, आतल्या भिंतीवर कमी. मॅनेजर आणि हमाल यांच्या पगाराची सरासरी काढून हमालाची चूल पेटत नाही, हे आम्ही चळवळीतले लोक नेहमी सांगतो. नळीलाही तोच न्याय.

मोठ्या नळांत प्रवाह खवळलेला असतो. तेथे वरचे सूत्र चालत नाही. मात्र वळणावर भार विषम पडतो, हे तेथेही खरे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सरी येथील अणुवीज केंद्रात ९ डिसेंबर १९८६ रोजी पंपाकडे जाणाऱ्या १८ इंची पोलादी नळाचे कोपर फुटले. गरम पाण्याच्या वेगवान प्रवाहाने पोलादावरचा रक्षक थर विरघळत जाऊन भिंत आतून झिजली होती. चार कामगार प्राणास मुकले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: नळाची जाडी तपासायची, तर सरळ भागावरचे एक माप पुरेसे मानू नये. कोपरावर, त्याच्या सर्व अंगांनी आणि कोपराच्या पुढच्या भागातही माप घ्यावे, आणि त्याची नोंद कामगारांना पाहता यावी.