उपनगरी ग्रंथालय: कार्डापासून स्क्रीनपर्यंत

कायदा: महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७. शासनमान्य ग्रंथालयांचे वर्ग चार: अ, ब, क, ड. अनुदान वर्गानुसार. वाचकांवर ग्रंथालय-कर नाही.

उपनगरांतील ग्रंथालये चालवणाऱ्या संस्था: लोकमान्य सेवा संघ, विलेपार्ले (स्थापना १९२३). महाराष्ट्र सेवा संघ, मुलुंड.

कोहा: ग्रंथालय व्यवस्थापनाची मुक्तस्रोत प्रणाली; जन्म न्यूझीलंडमध्ये. परवाना शुल्क नाही. सर्व्हर आणि देखभालीचा खर्च मात्र आहेच.

ई-ग्रंथालय: राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची (एनआयसी) प्रणाली.

ओपॅक: वाचकाला घरबसल्या चाळता येणारी ऑनलाइन ग्रंथसूची. यात पुस्तकाची नोंद दिसते, पुस्तक नव्हे. गल्लत नेहमीची.

बारकोड की आरएफआयडी? बारकोड स्कॅनरसमोर धरावा लागतो, एका वेळी एकच. आरएफआयडी चिप न दिसताही वाचली जाते; गठ्ठ्याची नोंद एकदम.

स्कॅन करणे आणि खुले करणे वेगळे: भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजींनी (निधन १९५०) हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके २०११ पासून मुक्त. पार्लेकर पु. ल. देशपांडे (निधन २०००) यांची २०६० अखेरपर्यंत संरक्षित.

मोफत: राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, आयआयटी खरगपूर, २०१८ मध्ये राष्ट्रार्पण.