शक्तिभेद आणि सख्य : 'अवतार' ह्या चित्रमालिकेचा एक विचार

भिन्न गुणांचे सोबती एकत्र येऊन एखादे दुर्घट कार्य तडीस नेतात, ही कल्पना कथावाङ्मयाइतकीच जुनी आहे. पंचतंत्राच्या 'मित्रसंप्राप्ति' ह्या दुसऱ्या तंत्रात कावळा, उंदीर, कासव आणि हरिण ह्यांचे सख्य वर्णिले आहे. कावळा उडून टेहळणी करतो, उंदीर पाश कुरतडतो, हरिण मेल्याचे सोंग घेऊन पारध्याला भुलविते. प्रत्येकाचा गुण त्याच्या जातीबरोबर जन्मास आलेला आहे. तो दुसऱ्यास देता येत नाही, की दुसऱ्याकडून घेता येत नाही. उंदराच्या सहवासाने कावळ्याला दात फुटत नाहीत. ते ते गुण योग्य वेळी एके ठिकाणी यावेत, एवढेच तेथे मैत्रीचे कार्य. ह्या सख्याला केवळ उपयोगाचे सख्य म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पाशात सापडलेल्या हरिणाकडे कासव पाय ओढीत येते ते निव्वळ मायेपोटी. त्याचा तेथे काडीचाही उपयोग नसतो, आणि पारधी येताच सापडते तेही तेच. हा प्रसंग ठेवण्यात कथाकाराची जाण दिसते. तथापि एक प्रश्न तो विचारीत नाही : मित्राच्या शक्तीतले काही आपल्यात उतरते काय, आणि उतरत असल्यास ते नेमके काय?

हा प्रश्न विस्ताराने हाताळणारी एक कृती आजच्या काळात जेथे मिळते, तेथे समीक्षकाची दृष्टी सहसा जात नाही. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही मायकेल डान्टे डिमार्टिनो व ब्रायन कोनिएट्झ्को ह्यांनी निर्मिलेली अमेरिकन चित्रमालिका २००५ च्या फेब्रुवारीपासून २००८ च्या जुलैपर्यंत निकेलोडियन ह्या बालकांच्या दूरचित्रवाहिनीवर दाखविली गेली. तिचे ६१ भाग असून जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन 'पुस्तकां'त ते विभागलेले आहेत. ह्याच कथेवर २०१० साली एक चित्रपट निघाला आणि २०२४ मध्ये नटनटींनी वठविलेली मालिकाही आली. येथे विचार आहे तो मूळ, रेखाटलेल्या कृतीचा.

कथेचे जग चार राष्ट्रांचे आहे. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू ह्या तत्त्वांपैकी एकेक तत्त्व प्रत्येक राष्ट्रातील काही माणसांच्या आज्ञेत असते. चारही तत्त्वे ज्याला साधतात असा एकच पुरुष अथवा स्त्री प्रत्येक पिढीत जन्मते. त्यास 'अवतार' म्हणतात. हा शब्द आपला असला, तरी कल्पना वैष्णव परंपरेतील नाही. देव खाली उतरत नाही. एकच आत्मा क्रमाने निरनिराळ्या राष्ट्रांत जन्म घेतो, आणि नव्या बालकाची ओळख त्याने निवडलेल्या खेळण्यांवरून पटते. तिबेटमधील लामांच्या शोधाची आठवण येथे अधिक व्हावी. (नायकाच्या उडत्या, सहा पायांच्या, अवाढव्य वाहनाचे नाव 'आप्पा' आहे, हे ऐकून मराठी प्रेक्षकाला हसू आवरणे कठीण जाते.) आंग हा बारा वर्षांचा वायुपंथी मुलगा शंभर वर्षे हिमखंडात गोठून राहतो. जागा होतो तेव्हा अग्निराष्ट्राने त्याचे सारे लोक मारून टाकलेले असतात. उरलेली तीन तत्त्वे शिकून त्याला अग्निराजा ओझाई ह्याचा पाडाव करावयाचा आहे.

तत्त्वावर चालणाऱ्या ह्या सत्तेला मूळ इंग्रजीत 'बेंडिंग' म्हटले आहे. भाषांतरकार 'नियमन', 'वशीकरण' अशा भारदस्त शब्दांकडे वळण्याचा संभव आहे. पण मराठीत 'वळण' हा शब्द आयता आहे, आणि तो मुळाहून अधिक बोलतो. पाणी वळविणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे. अक्षराला वळण असते, हाताला वळण असते, मुलांना वळण लावावे लागते. मालिकेत प्रत्येक तत्त्वाच्या हालचाली चीनमधील एकेका युद्धकलेवरून घेतल्या आहेत : जलाच्या ताय ची वरून, पृथ्वीच्या हुंग गार वरून, अग्नीच्या उत्तरेकडील शाओलिनवरून, वायूच्या बाग्वाझांगवरून. अर्थात तत्त्व वळविणे म्हणजे प्रथम स्वतःच्या अंगाला एक वळण लावणे. शक्ती जन्माने मिळते. वळण दुसऱ्याकडून घ्यावे लागते. ह्या मालिकेतील सख्याचे सारे रहस्य ह्या भेदात आहे.

आरंभी ते सख्य मुळीच निर्मळ नसते. कतारा ही दक्षिण ध्रुवाकडील आपल्या जमातीत उरलेली एकमेव जलसाधक मुलगी. गुरू नाही, ग्रंथ नाही. जे येते ते एकटीने चाचपडत मिळविलेले. आंगला ती आपली ही तुटपुंजी विद्या दाखवू लागते, तो तिला जे जमवावयास महिने लागले ते तो खेळता खेळता करून दाखवितो. तिचा तोल सुटतो आणि ती त्याच्यावर ओरडते. परिश्रमाला प्रतिभेचा हेवा वाटतो, हे बालकथेत सहसा दुष्ट पात्राच्या वाट्यास जाते. येथे ते सर्वांत प्रेमळ पात्राच्या वाट्यास आले आहे. पुढे उत्तर ध्रुवावर पाक्कू नावाचा आचार्य मुलींना युद्धविद्या शिकविण्यास नकार देतो, तेव्हा ती त्याला आव्हान देते आणि हरते. अखेर ती विद्या संपादून तीच आंगची गुरू होते. जिला हेवा वाटला तिनेच शिकवावे, ह्या योजनेत लेखकांची समज दिसते.

ह्या विषयाचा गाभा मात्र दुसऱ्या पुस्तकातील नवव्या भागात आहे. आंगला आता पृथ्वीतत्त्व शिकावयाचे आहे. त्याची गुरू टॉफ ही त्याच्याच वयाची, जन्मांध मुलगी. श्रीमंत आईबापांनी तिला काचेच्या भांड्याप्रमाणे जपले आणि जगापासून लपविले. ती मात्र भूमीखाली राहणाऱ्या आंधळ्या प्राण्यांकडून भूमीची विद्या शिकली. पायांच्या तळव्यांना जाणवणाऱ्या कंपनांवरून तिला भोवतालचे 'दिसते'. आंगचा स्वभाव वायूचा : अडथळा आला की बगल द्यावयाची, हसून निसटावयाचे. पृथ्वीला हे चालत नाही. तेथे पाय रोवून समोर उभे राहावे लागते. धोंडा अंगावर येतो आणि तो प्रत्येक वेळी उडी मारून बाजूला होतो. कतारा सुचविते की, त्याला शाबासकी देऊन शिकवावे. टॉफ नेमके उलट करते. ती त्याला डिवचते, त्याची दंडकाठी घेऊन तिने अक्रोड फोडते. शेवटी खड्ड्यात रुतून बसलेल्या सोक्कावर एक हिंस्र श्वापद धावून येते, तेव्हा आंग त्याच्या पुढे उभा राहतो आणि हलत नाही. टॉफ हे सारे लांबून पाहत असते, मदतीस येत नाही. उलट नंतर ती त्याला आणखी डिवचते. तो तिच्याही समोर पाय रोवतो, आणि त्याच क्षणी धोंडा हलतो.

येथे टॉफने आंगला शक्ती दिलेली नाही; ती त्याच्यात होतीच. तिने दिले ते उभे राहण्याचे वळण, आणि ते घेताना त्याला प्रथम तिच्याचविरुद्ध उभे राहावे लागले. त्याच भागात दुसरीकडे आयरो हा वृद्ध अग्निसाधक आपला पुतण्या झुको ह्यास वीज अंगावर घेऊन वाट काढून देण्याची युक्ती शिकवितो. ही युक्ती त्याने जलसाधकांचे निरीक्षण करून बसविलेली आहे. अग्नीच्या माणसाला पाणी वळविता येणार नाही. पाण्याची रीत मात्र घेता येते. चारही राष्ट्रांची चिन्हे मातीत रेखून आयरो पुतण्याला समजावितो की, शहाणपण एकाच ठिकाणाहून घेतले तर ते ताठर व शिळे होते. मालिकेचे सूत्र असे ते एका म्हाताऱ्याच्या तोंडी, जाता जाता, येऊन जाते. पंचतंत्रातील चौघांपेक्षा ही कथा निराळी होते ती येथे.

मित्रांच्या शक्ती वेगवेगळ्या असल्या म्हणजे त्यांच्या उणिवाही वेगवेगळ्या असतात, आणि नेमक्या त्याच एकमेकांना कळत नाहीत. वाळवंटातील भागांत हे कठोरपणे दाखविले आहे. एक प्राचीन ग्रंथालय वाळूत खचू लागते. आत मित्र अडकलेले असतात आणि टॉफ एकटी, बाहेर, सारे बळ लावून ते मंदिर तोलून धरते. त्याच वेळी वाळवंटातील लुटारू आप्पाला बांधून नेतात. वाळू हलती असल्यामुळे टॉफला तेथे धड 'दिसत'ही नाही. मंदिर सोडावे तर मित्र गाडले जातील. न सोडावे तर आप्पा जाईल. ती मंदिर सोडीत नाही. बाहेर आलेला आंग मात्र तिच्यावर आग पाखडतो. तो चुकतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. पण लेखकांनी त्याच्याकडून लगोलग क्षमा मागविलेली नाही. पुढची सारी वाटचाल कताराजवळच्या पखालीतील घोटभर पाण्यावर आणि तिच्या धीरावर होते.

सोक्का, कताराचा भाऊ, ह्याला कोणतेच तत्त्व वश नाही. आरंभी तो विनोदापुरता आहे, आणि त्या भागांतील काही विनोद आज पाहवत नाहीत. तिसऱ्या पुस्तकात एक उल्का पडून वणवा लागतो. बाकीचे तिघे तो विझवितात आणि सोक्का नुसता पाहत उभा राहतो. येथून लेखकांना सोपा मार्ग होता : त्याला एखादी सुप्त शक्ती बहाल करावयाची. तसे ते करीत नाहीत. तो पियांदाओ ह्या खड्गाचार्याकडे जातो आणि त्याच उल्केच्या धातूची काळी तलवार घडवितो. इकडे तो नसताना तिघांना दिवसाचा बेत आखता येत नाही, आणि कोणाच्या विनोदाला हसू येत नाही. सोक्काचा गुण तो नसतानाच दिसतो.

ह्याच्या उलट चित्र अग्निराजकन्या अझुला हिच्या पथकाचे. माईची सुरीफेक अचूक आहे. टाय लीच्या बोटांच्या स्पर्शाने भल्या भल्या साधकांची शक्ती काही काळ लोपते. केवळ गुणांची बेरीज केली तर हे त्रिकूट आंगच्या मंडळीपेक्षा बहुधा वरचढ ठरेल. परंतु तेथे कोणी कोणाकडून काही शिकत नाही. जोडणारी दोरी भयाची आहे, आणि झुकोचा जीव वाचविण्यासाठी माई ज्या क्षणी उलटते त्या क्षणी ती तुटते. टाय लीची बोटे मग अझुलाच्याच पाठीवर चालतात.

मालिकेची खरी कसोटी लागते ती शेवटी. ओझाईला मारले पाहिजे, असे सर्व मित्रांचे मत आहे. आंगचे लोक संन्यस्त, अहिंसक होते, आणि त्या पंथाचा तो एकटाच उरला आहे. तो मारण्यास तयार नाही. पूर्वजन्मींच्या अवतारांना तो विचारतो. त्यांपैकी एक त्याच्याच पंथातील संन्यासिनी आहे. तीही सांगते की, जगाचे कर्तव्य आत्मशुद्धीहून मोठे. तेव्हा एक अतिप्राचीन सिंहमुखी कूर्म त्याला प्राणशक्तीच वळविण्याची विद्या देतो, आणि ओझाईला न मारता त्याची अग्निसत्ता तो हरण करतो. हा शेवट आयता आहे, असा आक्षेप आहे, आणि तो पुसून टाकता येत नाही. साठ भाग मित्रांकडून एकेक वळण शिकणाऱ्या नायकाला अखेरची विद्या एका अनोळखी प्राण्याच्या स्पर्शाने मिळावी, हे रचनेतील व्यंगच होय.

तथापि त्या विद्येची अट पाहिली पाहिजे. दुसऱ्याचा प्राण वळवावयाचा तर स्वतःचा आत्मा न वळणारा हवा, नाहीतर वळविणाराच भ्रष्ट होऊन नष्ट होतो. न वळण्याचे हे बळ आंगमध्ये जन्मतः नव्हते. जो धोंडा दिसताच उडी मारून बाजूला होई, त्याला जागचे न हलण्याचे वळण एका आंधळ्या मुलीने लावले होते. ते वळण त्याने टॉफसह सर्व मित्रांच्या सल्ल्याविरुद्ध वापरले, ह्यात विसंगती नाही. त्याचा पहिला धडाच तसा झाला होता. अंतिम युद्धातही हे ऋण उघड दिसते. ओझाईची वीज आंग झेलतो ती झुकोकडून शिकलेल्या, म्हणजे मुळात जलसाधकांच्या रीतीने, आणि तिचा लोळ शत्रूवर न टाकता दूर सोडून देतो. पाठीमागून होणारा वार त्याला कळतो तो तळव्यांना, टॉफला कळे तसा.

त्याच वेळी दूर आकाशात पाय मोडलेला सोक्का एका हवाईजहाजाच्या काठावर पडलेला असतो आणि त्याच्या एका हाताला टॉफ लोंबकळत असते. पायांखाली जमीन नसल्याने पृथ्वीची ती श्रेष्ठ साधिका आता खरोखरीच आंधळी झालेली आहे. दुसऱ्या हाताने सोक्का आपले बूमरँग आणि ती काळी तलवार फेकतो. दोन्ही त्याला पुन्हा मिळत नाहीत. टॉफचा हात तो सोडीत नाही. पंचतंत्रातील कासवाला ज्याची नुसती ओढ होती, ते येथे एक शक्तिहीन माणूस करून दाखवितो.

युद्धानंतर सारे आयरोच्या चहाच्या दुकानात जमतात. सोक्का सर्वांचे एक चित्र काढतो. त्याची चित्रकला यथातथाच, त्यामुळे प्रत्येकाची तक्रार असते. कोणाला आपले केस पटत नाहीत, कोणाला पोट. सुकी ह्या त्याच्या मैत्रिणीलाही कोणते तत्त्व वश नाही, पण चित्रात तिच्या हातून ज्वाळा निघताना त्याने दाखविल्या आहेत. असे का, म्हणून ती विचारते, तेव्हा तसे अधिक झोकदार दिसते, एवढेच तो सांगतो. आपल्याला तर सगळे अगदी छान वाटतात, असा निर्वाळा टॉफ देते.